टेकडीवरच्या माणसाचे ऐकणार कोण?

(द्वितीय वर्ष, कला)

विमान आकाशात कोणाच्या भरवशावर चालते, असे विचारले तर बहुतेकजण वैमानिकाचे नाव घेतील. जरा अधिक वाचन असलेला विद्यार्थी विमानतळावरच्या नियंत्रकाचे नाव घेईल. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, परंतु पुरी नाहीत. नियंत्रकाला पडद्यावर जो ठिपका दिसतो तो त्याने डोळ्यांनी पाहिलेला नसतो. तो एखाद्या टेकडीवरून, माळावरून किंवा गावाबाहेरच्या कुंपणातल्या खोलीतून तारेने आलेला असतो. त्या खोलीत यंत्र असते. पूर्वी यंत्राजवळ माणूसही असे. आता जगभर अनेक ठिकाणी तो नसतो, आणि त्या खोलीची सारी देखरेख शेकडो मैलांवरच्या दुसऱ्या एका पडद्यावरून चालते. या व्यवस्थेला दूरदेखरेख व दूरनियंत्रण म्हणतात. तिच्याविषयी मला काही म्हणावयाचे आहे.

कला शाखेच्या मुलीने रडारवर लिहावे हे पाहून विज्ञान शाखेतील मित्र हसतील, हे मला ठाऊक आहे. यंत्र कसे बनवावे हे मी त्यांना सांगू शकत नाही. परंतु यंत्राजवळचा माणूस काढून घेतला म्हणजे काय होते, हा प्रश्न केवळ विज्ञानाचा नाही. तो समाजशास्त्राच्या तासालाही विचारता येतो, आणि आमच्या घरात तर तो जेवताना विचारला गेला आहे.

प्रथम ही यंत्रणा काय करते ते पाहू. जुन्या पद्धतीचे रडार आकाशात लहरी सोडते आणि विमानावर आपटून परत आलेल्या लहरींवरून विमान कोणत्या दिशेला व किती अंतरावर आहे ते ओळखते. विमानाची उंची मात्र त्याला सहसा सांगता येत नाही. उंची कळावी म्हणून दुय्यम रडार आले. ते विमानाला जणू 'तू कोण, किती उंचीवर?' असे विचारते, आणि विमानातला ट्रान्सपॉन्डर उत्तर देतो. हा फरक किती मोलाचा आहे हे आपल्या देशाने फार मोठी किंमत देऊन शिकले. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीच्या आकाशात सौदी अरेबियाचे व कझाकस्तानचे अशी दोन विमाने एकमेकांवर आदळली आणि ३४९ माणसे मेली. एका विमानाला १४ हजार फुटांवर व दुसऱ्याला १५ हजार फुटांवर राहावयास सांगितले होते. १५ हजारांवर राहावयाचे ते खाली उतरत गेले. दिल्लीच्या नियंत्रकाला ते दिसणार कसे? उंची दाखविणारे दुय्यम रडार तेव्हा दिल्लीत वापरात आलेले नव्हते. वैमानिक रेडिओवर जी उंची सांगेल ती खरी मानण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हते.

आता तिसरी पद्धत आली आहे. तिला 'एडीएस-बी' म्हणतात. तिच्यात विमान स्वतःच उपग्रहांच्या मदतीने आपले ठिकाण ठरवते आणि सेकंदाला साधारण दोन वेळा ते सर्वांना ओरडून सांगते. जमिनीवरचे केंद्र ते फक्त ऐकून पुढे पाठविते. रडारची अवाढव्य फिरती अँटेना येथे लागत नाही. लहानशी खोली, एक खांब, थोडी वीज आणि एक तार एवढ्यावर भागते. म्हणूनच अशी केंद्रे कोठेही उभारता येतात, आणि म्हणूनच त्यांच्याजवळ माणूस ठेवण्याची गरज कोणाला वाटत नाही.

माणसाच्या जागी काय ठेवतात? यंत्रातच यंत्राची तपासणी करणारी यंत्रणा असते. वीज आहे की गेली, बॅटरी किती भरली आहे, जनरेटरच्या टाकीत डिझेल किती, खोलीचे तापमान काय, दार उघडे आहे का, धूर झाला का, या सर्वांची खबर दर क्षणाला केंद्रात जाते. तेथे पडद्यावर हिरवा, पिवळा आणि लाल असे रंग दिसतात. महत्त्वाची यंत्रे जोडीने बसवलेली असतात. एक बिघडले की दुसरे आपोआप काम उचलते, नाही उचलले तर दूरवरचा तंत्रज्ञ बटण दाबून ते सुरू करतो. दुय्यम रडारसाठी आणखी एक सुरेख सोय आहे. रडारपासून काही अंतरावर, पक्क्या ठाऊक असलेल्या जागी एक लहान पेटी बसवतात. ती विमानासारखी उत्तरे देत राहते. ती पेटी जागची हलत नाही, म्हणून पडद्यावर तिचा ठिपका सरकलेला दिसला तर रडारच चुकते आहे असे समजावयाचे. देवळाचा कळस नेहमीच्या जागी दिसेनासा झाला तर कळस हलला असे कोणी म्हणत नाही, आपणच वाट चुकलो असे म्हणतो. त्यातलाच हा प्रकार.

ही व्यवस्था वाईट आहे असे म्हणणे अडाणीपणाचे होईल. ऑस्ट्रेलियाचे उदाहरण घ्या. त्या खंडाचा फार मोठा भाग वाळवंटी आणि निर्मनुष्य आहे. तेथे जागोजागी रडार उभारणे व माणसे वसविणे परवडणारे नव्हते. २००४ मध्ये क्वीन्सलँडमधील बंडाबर्ग येथे त्यांनी नव्या पद्धतीची चाचणी सुरू केली, आणि डिसेंबर २००९ पर्यंत ३० हजार फुटांवरचे सारे खंड देखरेखीखाली आले. दूरदेखरेख नसती तर हे घडलेच नसते. शिवाय माणूस झोपतो, आजारी पडतो, रागावतो. रात्री तीन वाजता खोलीचे तापमान दोन अंशांनी वाढले हे यंत्राला कळेल, पेंगणाऱ्या माणसाला कळणार नाही. पावसाळ्यात एकट्या माणसाला टेकडीवर अडकवून ठेवण्यात तरी कोणते शहाणपण आहे? हे सर्व मला मान्य आहे.

माझे म्हणणे यापुढचे आहे. हिरवा दिवा हा काही सत्याचा दाखला नव्हे. त्याला जे विचारायला शिकवले तेवढेच तो सांगतो. 'एडीएस-बी'चे केंद्र विमानाने सांगितलेले ठिकाण लिहून घेते. पण विमानालाच जर कोणी खोटे संकेत देऊन चकविले तर? नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या आसपास काही विमानांना उपग्रहांचे असे बनावट संकेत मिळाल्याचे सरकारने पुढच्याच महिन्यात संसदेत सांगितले. अशा वेळी जमिनीवरच्या केंद्रात वीज, बॅटरी, तापमान सारे काही ठीक असू शकते. लिहिणारा प्रामाणिक आहे, सांगणाराच फसलेला आहे. म्हणूनच जाणते लोक रडार मोडीत काढू नका, दोन्ही पद्धती ठेवा, असा आग्रह धरतात.

कधी यंत्रही ठीक असते व विमानही ठीक असते, आणि मधली तार दगा देते. अमेरिकेतील न्यूअर्क विमानतळाच्या परिसरातील विमानांचे नियंत्रण पूर्वी न्यूयॉर्कजवळच्या एका केंद्रातून होत असे. जुलै २०२४ मध्ये ते काम फिलाडेल्फियाला हलवले. रडारची माहिती मात्र न्यूयॉर्ककडूनच तारेने पुढे नेण्यात आली. २८ एप्रिल २०२५ रोजी ती वाहिनी बंद पडली आणि सुमारे ९० सेकंद नियंत्रकांपुढे विमाने दिसेनाशी झाली, रेडिओही गेला. दीड मिनिट म्हणजे किती? आपण चहाचा कप रिकामा करतो तेवढा वेळ. परंतु तेवढ्या वेळात एक विमान सहज दहा किलोमीटर पुढे जाते. अपघात झाला नाही, पण काही नियंत्रकांना त्या धक्क्यामुळे रजेवर जावे लागले. ९ मेच्या पहाटे पुन्हा तेवढाच वेळ पडदा काळा झाला. आकाशात तर काहीच बिघडले नव्हते. बिघडली होती ती पाहणारा आणि दिसणारे यांच्यातली वाट.

दूरून दुरुस्ती करण्याची मर्यादा कोठे येते, हे इंग्लंडमध्ये दिसून आले. २८ ऑगस्ट २०२३ हा तेथे बँकांच्या सुट्टीचा दिवस होता. लॉस एंजेलिसहून पॅरिसला जाणाऱ्या एका विमानाच्या मार्गपत्रात एकच संक्षिप्त नाव असलेली दोन ठिकाणे आली, एक अमेरिकेतले व एक फ्रान्समधले. मार्गपत्रे वाचणारे संगणक गोंधळले आणि मुख्य व राखीव अशा दोन्ही यंत्रणा थांबल्या. रडार चालूच होते, बंद पडले होते ते कागदपत्रांचे काम. पण येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट वेगळी आहे. त्या दिवसाचा जबाबदार अभियंता नियमाप्रमाणे घरी होता. त्याने घरून जे करता येण्यासारखे होते ते करून पाहिले, उपयोग झाला नाही. यंत्रणा पुन्हा सुरू करण्यासाठी प्रत्यक्ष जागेवर जाणे भाग होते, आणि तेथे पोहोचावयास त्याला सुमारे दीड तास लागला. सात लाखांहून अधिक प्रवाशांची त्या घोटाळ्यात परवड झाली. अभियंत्याचा दोष नव्हता. 'घरून होईल' असे गृहीत धरणाऱ्या व्यवस्थेचा तो दोष होता.

तरी या सर्व प्रसंगांत जीव गेले नाहीत. १ जुलै २००२ च्या रात्री दक्षिण जर्मनीतील युबरलिंगेन गावावर ते गेले. त्या भागातील विमानांचे नियंत्रण स्वित्झर्लंडमधील झुरिकहून होत असे. त्या रात्री झुरिकच्या केंद्रात यंत्रणेच्या दुरुस्तीचे काम काढले होते. त्यासाठी रडारची यंत्रणा दुय्यम पातळीवर चालत होती, दोन विमाने जवळ येत असल्याचा इशारा पडद्यावर उमटविण्याची सोय बंद होती, आणि मुख्य टेलिफोनही बंद होता. राखीव टेलिफोनमध्ये नेमका बिघाड होता. दोन नियंत्रकांपैकी एक, तेथील रिवाजाप्रमाणे, विश्रांतीला गेला होता. उरलेला एकजण दोन पडद्यांवर काम करीत होता. कामामुळे नेमके काय काय बंद राहणार आहे, याची पुरी कल्पना त्याला कोणी दिलेली नव्हती.

याच वेळी जर्मनीतील कार्ल्सरूह येथील नियंत्रकाच्या पडद्यावर इशारा उमटला. दोन विमाने एकमेकांकडे येत आहेत हे त्याला स्पष्ट दिसले. त्याने झुरिकला पुन्हा पुन्हा फोन लावला. फोन लागला नाही. ते आकाश त्याच्या अखत्यारीतले नव्हते, म्हणून तो विमानांशी परस्पर बोलूही शकत नव्हता. अखेरच्या क्षणी झुरिकच्या नियंत्रकाने रशियन विमानाला खाली उतरावयास सांगितले. त्या विमानातले धोकासूचक यंत्र मात्र वर जा म्हणत होते, आणि दुसऱ्या विमानाला त्याच्या यंत्राने खाली जाण्याची आज्ञा दिली होती. दोघेही खाली गेले. ७१ जण मेले, त्यांत ४० हून अधिक मुले होती, सुट्टीसाठी स्पेनला निघालेली. पुढे २००७ मध्ये स्विस न्यायालयाने त्या संस्थेतील चार कर्मचाऱ्यांना दोषी ठरविले, त्यांपैकी तिघे व्यवस्थापक होते.

ही हकीकत मी वाचली तेव्हा मला त्या कार्ल्सरूहच्या माणसाचा विचार सोडेना. त्याला सारे दिसत होते. त्याचे कोणी ऐकणारे नव्हते.

यावर मला जे वाटते त्याचे मूळ आमच्या गावात आहे. आमचे गाव वर्धा जिल्ह्यातले. गावाबाहेर मोबाईलचा टॉवर आहे, आणि माझे बाबा तेथे सात वर्षे राखणदार होते. दिवसा वावर आणि रात्री टॉवर असा त्यांचा क्रम होता. लाईन गेली की जनरेटर लावणे, टाकीतले डिझेल काठीने मोजून वहीत लिहिणे, बॅटऱ्यांच्या खोलीत पावसाचे पाणी शिरू न देणे ही त्यांची कामे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. माझ्या आठवीपर्यंतच्या वह्यापुस्तकांचा खर्च त्याच पगारातून निघाला. मी नववीत असताना टॉवरवर एक पेटी बसली. डिझेल, बॅटरी, दार, तापमान या सर्वांची खबर ती शहरात देऊ लागली. महिन्याभरात बाबांना सांगण्यात आले की आता तुमची गरज उरली नाही. बाबा फारसे बोलले नाहीत. 'रात्रीचं जागरण तरी वाचलं,' एवढेच ते आईला म्हणाले.

पुढच्या पावसाळ्यात ते वावरातून परतत असताना त्यांना दिसले की टॉवरच्या पायथ्याशी जमिनीत जाणारी तांब्याची पट्टी कोणीतरी कापून नेली आहे. वीज पडली तर ती सुखरूप जमिनीत उतरावी म्हणून ती पट्टी असते, आणि दिवस विजांचे होते. फाटकावरच्या पाटीवर जो नंबर होता त्यावर त्यांनी फोन लावला. पलीकडच्या माणसाने टॉवरचा क्रमांक विचारला. बाबांना तो पाठ होता. त्याने पाहिले आणि सांगितले, 'इथे तर सगळं ओके दिसतंय.' मग त्याने विचारले, 'तुम्ही कोण बोलताय?' बाबा म्हणाले, 'मी आधी तिथे राखणदार होतो.' 'मग आता तुमचा काय संबंध?' असे म्हणून त्याने फोन ठेवला. नवी पट्टी बसली ती दिवाळी झाल्यावर.

तो माणूस दुष्ट होता असे मी म्हणणार नाही. त्याच्यापुढे शेकडो टॉवर असतील. त्याच्या पडद्यावर तांब्याच्या पट्टीसाठी चौकटच नव्हती, आणि जिच्यासाठी चौकट नाही ती गोष्ट त्याच्या लेखी घडलेलीच नव्हती. कार्ल्सरूहच्या नियंत्रकाचा फोन लागला नाही. बाबांचा लागला, परंतु ऐकला गेला नाही. दोन घटनांच्या मोलात जमीन-अस्मानाचे अंतर आहे हे मी जाणते. टॉवर बंद पडला तर गावाला फोन लागणार नाही, एवढेच. परंतु दोन्हीकडे उणीव एकाच जातीची आहे. जो जागेवरून पाहतो त्याचा शब्द व्यवस्थेत कोठे नोंदवायचा, याची सोय कोणी केलेली नाही.

नवल असे की यंत्र बनविणाऱ्यांना हे समजत होते. अशा बहुतेक यंत्रणांत जागेवर एक बटण असते. त्याला दोन बाजू असतात, एक 'येथून' आणि एक 'दूरून'. तंत्रज्ञ प्रत्यक्ष कामाला गेला की तो बटण 'येथून'च्या बाजूला फिरवतो. मग दूरच्या केंद्रातून कोणी कितीही आज्ञा सोडल्या तरी यंत्र त्या मानत नाही. उघड्या यंत्रात ज्याचा हात आहे त्याच्या जिवाला धोका होऊ नये, हा त्यामागचा हेतू. म्हणजे यंत्राने जागेवरच्या माणसाचा अधिकार दूरच्या साहेबाच्या वर ठेवला आहे! यंत्राला जे मान्य आहे ते माणसांनी चालविलेल्या कार्यालयांना का मान्य नसावे?

कोणी म्हणेल, खर्चाचे काय? माणूस ठेवावयाचा म्हणजे पगार आला, राहण्याची सोय आली. प्रत्येक टेकडीवर माणूस बसवा असे माझे म्हणणे नाहीच. पण खर्च वाचला म्हणताना तो कोणाच्या खिशातून वाचला आणि कोणत्या जोखमीवर वाचला हे सांगावयास नको काय? अमेरिकेत 'एडीएस-बी'ची सहाशेहून अधिक केंद्रे २०१४ मध्ये उभारून पूर्ण झाली. ती सरकारच्या मालकीची नाहीत. कंपनीने ती उभारली, आणि सरकारी खाते तिच्याकडून माहिती विकत घेते. अशा कंत्राटात यंत्र वर्षातून किती वेळ चालू राहील याचे कलम असणारच. परंतु कुंपणापाशी राहणाऱ्या गावकऱ्याने, वाटसरूने किंवा जुन्या नोकराने काही कळविले तर ते कोणी ऐकावयाचे, याचेही एक कलम कोणत्याही कंत्राटात असावे असे मला वाटते.

हा विषय परदेशाचा म्हणून सोडून देण्याजोगा नाही. ६ व ७ नोव्हेंबर २०२५ रोजी दिल्लीला विमानांचे संदेश आपोआप वाटून देणारी यंत्रणा बिघडली तेव्हा आठशेहून अधिक विमानांना उशीर झाला, आणि नियंत्रकांना हाताने काम करून वेळ निभवावी लागली. हाताने काम करणारी माणसे तेथे होती म्हणून ती निभली. आणि आता तर हा विषय आमच्या विदर्भाच्या दाराशी आला आहे. आपल्या देशाचे आकाश दिल्ली, मुंबई, कोलकाता व चेन्नई अशा चार क्षेत्रांत विभागलेले आहे, शिवाय गुवाहाटीचे एक उपक्षेत्र आहे. ही सारी क्षेत्रे एकत्र करून त्यांचा कारभार नागपूरहून चालवावा, अशी योजना भारतीय विमानतळ प्राधिकरणाने २०२४ मध्ये पुढे मांडली आणि प्रकल्प अहवालासाठी प्रस्ताव मागविले. 'ईशान' असे तिचे नाव. दिल्ली-चेन्नई व मुंबई-कोलकाता हे विमानमार्ग नागपूरजवळ एकमेकांना छेदतात, हे आम्ही भूगोलात अभिमानाने वाचलेले आहे. ही योजना प्रत्यक्षात आली तर काश्मीरपासून केरळपर्यंतच्या टेकड्यांवरून येणारे ठिपके नागपूरच्या पडद्यांवर उमटतील.

मला त्याचा आनंद आहे. परंतु जितके केंद्र एक, तितकी टेकडी दूर. दिल्लीचा नियंत्रक दिल्लीच्या रडारवरच्या तंत्रज्ञाला तोंडओळखीने तरी जाणत असेल. नागपूरचा नियंत्रक ईशान्येकडच्या एखाद्या केंद्रावरील तंत्रज्ञाला कसा ओळखणार? म्हणून अशा योजना कागदावर असतानाच काही गोष्टी ठरल्या पाहिजेत असे मला वाटते. पहिली, प्रत्येक केंद्रावर प्रशिक्षित माणूस किती वेळात पोहोचेल हे आधी लिहून ठेवावे, आणि सुट्टीच्या दिवशी व भर पावसात ते पाळून दाखवावे. दुसरी, दुरुस्तीसाठी काहीही बंद करावयाचे असेल तर पडद्यापुढे बसणाऱ्याला ते त्याच्या भाषेत, त्याच्या हातात कागद देऊन सांगावे. 'यंत्रणेचे काम चालू आहे' एवढे पुरेसे नाही. तुला अमुक इशारा दिसणार नाही, तुझा तमुक फोन लागणार नाही, असे सांगावे. तिसरी, राखीव वाट खरोखर चालते की नाही हे मुख्य वाट बंद करण्यापूर्वी पाहावे. आणि चौथी, जागेवरून आलेली प्रत्येक खबर, ती कोणीही दिलेली असो, नोंदवून घ्यावी, आणि पडदा हिरवा आहे म्हणून ती खोटी ठरवू नये.

या यंत्रणा सांभाळणाऱ्या तंत्रज्ञांचा एक आंतरराष्ट्रीय दिवस असतो. तो १२ नोव्हेंबरला येतो. चरखी दादरीची तारीखही तीच. हा केवळ योगायोग असेल. परंतु त्या दिवशी आपल्या वर्तमानपत्रांत या लोकांविषयी चार ओळी तरी याव्यात. वैमानिकाचा फोटो आपण घरात लावतो, नियंत्रकावर सिनेमा निघतो. रडारच्या खोलीत पाना घेऊन बसलेल्या माणसाचे हुद्द्याचे नावसुद्धा आपल्याला ठाऊक नसते.

माझ्या विज्ञान शाखेतील मित्रांना शेवटी एवढेच सांगावेसे वाटते. उद्या तुमच्यापैकी कोणी अशा केंद्रात नोकरीला लागेल. तुमच्यापुढे शंभर हिरवे दिवे असतील आणि एखाद्या रात्री फोन वाजेल. बोलणारा नीट शब्दांत सांगू शकणार नाही. त्याला यंत्राचे इंग्रजी नाव येणार नाही. 'साहेब, इथं काहीतरी बरोबर नाही,' एवढेच तो म्हणेल. त्या वेळी त्याला 'तुमचा काय संबंध?' असे विचारू नका. तो काय पाहतो आहे ते विचारा, वहीत लिहून घ्या, आणि कोणाला तरी टेकडीवर पाठवा.